एस्तेरबाईच्या दाराची कडी

एस्तेरबाईनं जन्मात पहिल्यांदा आगमनकाळात दाराला कडी लावली, ती गोपीचंदच्या भीतीनं.

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्या दिवसांत दिवेलागणीला कडी लावायची नाही, हा एस्तेरबाईच्या घरचा नियम. पूर्णा गावातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळींचा तो नाही. चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरीसुद्धा नाही. ते तर भरदिवसा आतून कुलूप घालतात. हा नियम मिस साहेबांचा, आणि मिस साहेब कोण ते सांगितल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही.

मिस साहेब समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बर्फाच्या देशातून आलेल्या. उभा जन्म त्यांनी परमुलखात, म्हणजे आपल्या या उन्हात, बिनआईबापाची लेकरं सांभाळण्यात घालवला. एस्तेरबाई त्यांच्याच वसतिगृहात वाढली. नावही त्यांनीच ठेवलेलं. त्यांचं मराठी असं, की लहानथोर सगळ्यांना 'तू'. तहसीलदार आला तरी, "तू बस, तू चहा पी." तहसीलदार बिचारा बसायचा आणि प्यायचा. तर या मिस साहेबांनी आगमनकाळात हिरवं कडं करायची चाल पाडली. त्यांच्याकडं म्हणे ते दुसऱ्याच कुठल्या झाडाचं करतात, पण ते झाड इकडं कुठून आणायचं? म्हणून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओल्या काड्या वाकवायच्या, त्यांना कडुलिंबाचा पाला गुंडाळायचा, परातीत ठेवायचं आणि त्यात चार मेणबत्त्या खोचायच्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चार. जेवायला बसताना एक ताट जास्तीचं वाढायचं, येणाऱ्याचं. आणि प्रार्थना संपेपर्यंत दार नुसतं लोटलेलं ठेवायचं. का, तर येशू प्रभूच्या जन्माच्या रात्री त्याच्या आईबापाला कुणी दार उघडलं नव्हतं. निदान आपल्या दाराशी तसं व्हायला नको. जो येईल तो येणारा.

एका वर्षी शेळी आली. लिंब दिसल्यावर शेळी थांबते होय? मेणबत्त्या आडव्या पाडून तिनं निम्मं कडं फस्त केलं. पोरी किंचाळल्या, स्वयंपाकीण लाटणं घेऊन धावली. मिस साहेब म्हणाल्या, "थांब तू! नियम आहे. आली ती पाहुणी." आणि येणाऱ्याचं ताट शेळीपुढं सरकवलं. शेळीनं भात खाल्ला, वरण सांडलं आणि जाताना उंबऱ्यावर लेंड्या टाकून गेली. "आशीर्वाद दिला," मिस साहेब म्हणाल्या. एस्तेरबाई ही गोष्ट दर वर्षी लेकरांना सांगायची आणि लेकरं दर वर्षी लेंड्यांपाशी येऊन लोळायची.

या वर्षी तिनं ती गोष्ट सांगितलीच नाही.

एस्तेरबाईचा नवरा रेल्वेत पॉइंट्समन होता, तो गेला. पोटी मूलबाळ नव्हतं. बाई दवाखान्यात आया होती. तिथून निवृत्त झाली, पण दवाखान्याची सवय सुटली नाही. कुणा लेकराची आई गेली आणि घ्यायला कुणी आलं नाही, की ते लेकरू फिरत फिरत रुळांपलीकडच्या तिच्या पत्र्याच्या घरी यायचं. सध्या चार होती. बुद्धभूषण आणि प्रियांका ही मधली. थोरली शिवकन्या, नववीत शिकणारी, आणि तिचा भाऊ माऊली, पहिलीतला. बाईनं कुणाचं नाव बदललं नाही की देव बदलला नाही. माऊलीच्या गळ्यात तुळशीची माळ होती ती होतीच. बुद्धभूषणला चौदा एप्रिलचा निळा झेंडा तीच शिवून द्यायची. संध्याकाळच्या प्रार्थनेला मात्र सगळ्यांनी बसायचं. "झोप आली तर बसल्या बसल्या झोपा," म्हणायची, "पण बसा."

शिवकन्या आणि माऊली जिंतूरकडच्या एका वाडीवरची. आईबाप ऊसतोडीला जायचे. ट्रॉली उलटली आणि दोघंही एकदम गेले. तीन वर्षांमागं असेच आगमनाचे दिवस होते. लोटलेलं दार ढकलून एक माणूस आत आला होता, काखेत माऊली आणि मागं पदर धरल्यासारखी त्याचा सदरा धरून शिवकन्या. तो त्यांचा चुलता, गोपीचंद. येणाऱ्याचं ताट त्याच्यापुढं ठेवलं तर तो भाकरीवर टपटप रडला. "पट्टा पडला की नेतो लेकरायला," म्हणाला. पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. असे तीन पट्टे पडले. गोपीचंद काही आला नाही, आणि एस्तेरबाई मनातून त्याचे उपकार मानत राहिली.

या आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"बाई, शिवकन्याला न्यायला यायलोय. रविवारच्या पुढं-मागं."

"दादा, शाळा चालू हाय तिची."

"शाळा काय करायची? पोरगं बघितलंय. आमच्याच टोळीतलं हाय. त्याचा कोयता अर्धा पडलाय."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एकटा माणूस अर्धा कोयता. त्याला मुकादम उभं करत नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर, नाहीतर भर हंगामातही, पोरींची लग्नं लागतात. कोयता पुरा करायला.

"अहो, चौदा वर्सांची हाय ती!"

"माझी बायको तेराची व्हती. मेली का?" तो जरा थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन् बाई, कुणाला सांगत बसाल तर मलाबी सांगता येतंय. हिंदूची लेकरं घरात कोंडून बाटवायलीय म्हणून. मग बघा तुमचं घर ऱ्हातंय का."

त्या दिवसापासून एस्तेरबाईचे कान रस्त्याकडं लागले. रस्त्यानं जीप गेली की हातातलं पीठ हातातच राहायचं. लोखंडी फाटक वाजलं की ती आधी लेकरं मोजायची. शेजारच्या बबिताला, म्हणजे गँगमनच्या बायकोला, तिनं एकटीला गाठून सगळं सांगितलं.

"मग फोन लाव ना दहा-नऊ-आठला, लेकरांच्या नंबरला," बबिता म्हणाली. "शाळेच्या भिंतीवर लिवलंय. लेकरांचं लगीन लावणाऱ्याला उचलून नेत्यात."

"आन् मला इचारतील, बाई, तुझा परवाना कुठंय, तवा? माझ्याकडं काय हाय? चार ताटं आन् एक परात. नेतील ना समदीच. माऊली एकीकडं, शिवकन्या दुसरीकडं, ही दोघं तिसरीकडं. बहीण-भावाला मीच तोडल्यावानी व्हईल."

"मग काय करतीस?"

"प्रार्थना करायलेय."

"ती कर. पण कडी लावून कर," बबिता म्हणाली.

प्रार्थनेचं तर काही खरं नव्हतं. आगमनकाळात 'ये' म्हणायचं असतं. सगळी प्रार्थना त्या एका शब्दाची. बाई गुडघे टेकायची, डोळे मिटायची आणि आतून शब्द यायचा तो 'येऊ नको'. कुणीच येऊ नको. दार, वाट, फाटक, सगळं बुजून जाऊ दे. असं मागणं मागितल्यावर ती स्वतःलाच दचकायची आणि 'आमेन' न म्हणताच उठायची.

तिसऱ्या रविवारी दिवेलागणीला ताटं मांडली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. येणाऱ्याचंही ताट मांडलं, कारण ते न मांडायचं कारण लेकरांना सांगता आलं नसतं. तीन मेणबत्त्या लावल्या. मग बाई उठली आणि कडी घातली.

"मावशी, कडी लावली तुमी," माऊली म्हणाला.

"वारं यायलंय. मेणबत्त्या इझतील."

"मग येणारा कसा येईल?"

"वाजवील की."

"आन् शेळी?" बुद्धभूषणनं विचारलं. "शेळीला कडी वाजवता येती का?"

प्रियांका खुदकन हसली. माऊली "लेंड्या, लेंड्या" म्हणत ताटावर कलंडला. शिवकन्या हसली नाही. ती दाराकडं बघत होती.

तेवढ्यात बाहेरून कडी वाजली.

हळू वाजली. वाजवणाऱ्याला शेजाऱ्यांनी ऐकू नये असं वाटत असावं, तशी.

"आला!" माऊली ओरडला. बाईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हातानं दिव्याचं बटण बंद केलं. मग वाकून, मिस साहेबांपासून आजवर प्रार्थनेआधी जे कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं. तिन्ही मेणबत्त्या फुंकून टाकल्या. जळक्या वातीचा वास तेवढा घरभर राहिला.

पुन्हा कडी.

"काका हाय ना?" शिवकन्या बाईच्या कानाशी कुजबुजली.

बाई गर्रकन वळली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तुमी मला शाळेत सोडायला यायल्या, तवाच कळलं."

कडी वाजायची थांबली. बाहेर खडीवर कुणी पाय बदलला. मालगाडी गेली, घर हादरलं, मांडणीवरचे डबे थरथरले. गाडीचा आवाज लांब गेल्यावर दाराबाहेर खोकल्याची उबळ ऐकू आली. बारीक, लांबलेली, बाईमाणसाची.

शिवकन्या परत कुजबुजली, "काकू हाय. काकू अशीच खोकती."

गोपीचंदची बायको, कडूबाई! बाईला वाटलं, हा डाव आहे. बायकोला पुढं करून तो भिंतीआड उभा असणार. कडी काढली की दोघंतिघं आत घुसतील. ती दाराशी गेली आणि तशीच उभी राहिली. इतकी वर्षं आपण दार उघडं ठेवलं, त्याचं तिला केवढं कौतुक होतं, चर्चच्या मंडळीत सांगायची. आता कळत होतं, की त्यात हिंमत कसलीच नव्हती. भ्यायचं कारणच कधी पडलं नव्हतं. शेळीला भिऊन कोण कडी लावतं?

बाहेर परत उबळ आली. मग पायरीवर कुणी बसल्याचा आवाज.

बाईनं कडी काढली.

पायरीवर कडूबाई एकटीच होती. अंगावर उसाच्या पाचटानं चरे पडलेले, मांडीवर गाठोडं. "लय येळ वाजवायलेय," ती म्हणाली. "मला वाटलं, घर चुकले."

बाईनं तिच्या मागं, फाटकाकडं, भिंतीच्या कडेला बघितलं. कुणी नव्हतं. तिला आत घेतलं, दिवा लावला. कडूबाईनं ताटं बघितली. "कुणी यायचं व्हतं का?"

"तुमी," माऊली म्हणाला, आणि तिचा हात धरून येणाऱ्याच्या ताटावर बसवलं.

ती जेवली. दिवसभराची उपाशी असावी. शिवकन्यानं न विचारता दुसरी भाकरी वाढली. पाणी प्यायल्यावर कडूबाई खाली बघत बोलली, "त्यानंच धाडलंय मला. गोड बोलून पोरीला भाईर काढ म्हणला. न्हाई जमलं तर सकाळी जीप घिऊन यायलाय. दोघं गडी हायती संगं."

शिवकन्या उठली. "मी जाते, मावशी. मी गेले म्हंजी ते तुमचं घर मोडणार न्हाईत. माऊलीला ठिवून घ्या."

"बस खाली!" कडूबाई अशी ओरडली की प्रियांका रडायलाच लागली. "म्हणं मी जाते! मीबी अशीच गेले व्हते. घरच्यांचं भलं व्हईल म्हणून. मोळी डोक्यावर घिऊन ट्रकच्या फळीवर चढताना दोनदा पोट पडलं माझं. मग डाक्टर म्हणला, पिशवीच काढा. काढली. दुसऱ्या आठवड्यात परत फडात. आन् आता नवरा म्हणतो, आपल्याला लेकरू न्हाई, भावाच्या लेकराचं आपुनच करावं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हे करणं हाय व्हय?"

एस्तेरबाईनं परातीतल्या विझलेल्या मेणबत्त्यांकडं बघितलं. जिला येऊ नको म्हणून ती आठवडाभर मागणं मागत होती, ती आत येऊन जेवून बसली होती.

"सकाळच्या पहिल्या गाडीनं परभणीला जायचं," ती म्हणाली. "समद्यांनी."

"कुठं?" शिवकन्यानं विचारलं.

"जिथं जायला मी भ्यायलेय तिथं. बालकल्याण समितीत. आपल्या पायानं जायचं. जे व्हईल ते व्हईल." मग कडूबाईकडं वळून, "तुमी येता?"

"मी काय सांगू तिथं? मला सही येत न्हाई."

"आत्ता सांगितलं तेच."

कडूबाईनं गाठोडं सोडलं आणि त्यातला फडातून आणलेला उसाचा तुकडा माऊलीपुढं धरला.

सकाळी निघताना बाईनं एक ताट वाढलं. दोन भाकरी, चटणी, वर कांदा. दुसरं ताट त्यावर झाकलं. बबिता दारात येऊन बघत होती.

"हे कुणाला गं?"

"येणाऱ्याला."

"त्या मुडद्याला? डोकं फिरलंय तुझं! आन् कडी?"

"न्हाई लावायची."

"चोर शिरतील."

"काय नेतील? परात?" बाई म्हणाली.

गाडीत लेकरं खिडकीसाठी भांडली. बाईला वाटत होतं, ही भांडणं आपण शेवटची ऐकतोय. परभणीत समितीच्या बाकावर बसवलं तेव्हा तिनं माऊलीच्या शर्टाची गुंडी लावली, परत काढली, परत लावली. आतल्या मॅडमनी विचारलं तर बाईनं तेवढं नाव सांगितलं आणि परत गुंडीला हात घातला. बोलली ती कडूबाई. सही न येणारी ती बाई उभी राहिली आणि वय, मुलगा, टोळी, जीप सगळं सांगून मोकळी झाली. मॅडमनी शिवकन्याला एकटीला आत नेऊन विचारलं. दार बंद होतं तेवढा वेळ बाई त्या दाराच्या कडीकडं बघत होती.

भीती खरी ठरली, पण निम्मी. शिवकन्याला परभणीतच मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं ठरलं. तिथून चुलत्याला तिला हात लावता येणार नव्हता. पोलिसांना कळवलं, लग्न मोडलं. बाकीची तिघं तूर्त बाईकडं. चौकशी होईल, घर बघायला माणसं येतील, पाळकसाहेबांच्या चर्चनं रीतसर परवाना काढावा, मग बघू, असं मॅडम म्हणाल्या. 'मग बघू' हे ऐकून बाईनं उरलेली तिघं पुन्हा मोजली. निघताना माऊलीनं बहिणीची ओढणी सोडली नाही. शेवटी शिवकन्यानं ती ओढणीच त्याला दिली.

उतरतीच्या उन्हात बाकीची सगळी घरी आली तर बबिता फाटकातच.

"आला व्हता गं! जीप घिऊन. मी भिंतीवरून बघायलेय. दाराला लाथ घालायला त्यानं पाय उचलला आन् लोटलं तर दार उघडंच. तसाच उभा ऱ्हायला येडबडून. संगंचे दोघं आत शिरले. एकानं ताट उघडलं आन् भाकर उचलली."

"खाल्ली?"

"तोंडाजवळ नेली व्हती. गोपीचंदनं हातातून हिसकली. परत ताटात ठिवली, वर ताट झाकलं. मग पायरीवर बसला. लय येळ बसला. ते दोघं हाका मारायले, ह्यो उठना. कुणी मेल्यावानी."

कडूबाईनं हे ऐकलं आणि ती चूल पेटवायला बसली. ती परत फडात गेली नाही.

चौथ्या रविवारी चारही मेणबत्त्या लावल्या. त्यातली तिसरी नीट पेटेना. फुंकली त्या दिवशीच तिची वात मेणात बुडाली होती. दोन ताटं जास्तीची मांडली. एक येणाऱ्याचं, एक शिवकन्याचं. त्यावर माऊलीनं ओढणीची घडी ठेवली होती. बुद्धभूषणनं शेळीची गोष्ट मागितली. बाईनं सांगायला घेतली, पण गोष्ट लेंड्यांपर्यंत पोचलीच नाही.

बाहेर खडीवर पावलं वाजली. जड होती, पुरुषाची होती, आणि एकट्याची होती.

घास तोंडात तसेच राहिले. कडूबाईचं तोंड पांढरं पडलं. नवऱ्याची ती चाल तिला ठाऊक होती. एस्तेरबाईचा हात मांडीवरून उठला, कडीच्या दिशेनं थोडा गेला, आणि परत मांडीवर येऊन बसला.

पावलं पायरीशी येऊन थांबली. पायातलं काढल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरं.

माऊलीनं टोपल्यातली भाकरी उचलली आणि येणाऱ्याच्या ताटात ठेवली.